तबकडी फिरते, पण खेळ का सुरू होत नाही?

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या लोकांच्या घरी गेले, की एक वस्तू हमखास आढळते. माळ्यावर किंवा जिन्याखालच्या कपाटात एक खोके असते. त्यात मुलांच्या लहानपणचे व्हिडिओ गेमचे मशीन, वायरींचा गुंता आणि शाईने नावे लिहिलेल्या पाच-पंचवीस सीडी. ती मुले आता चाळिशीला टेकली. एखाद्या रविवारी कुणाला तरी हौस येते, मशीन टीव्हीला जोडले जाते, सीडी आत ठेवली जाते, घर्रघर्र आवाज होतो, आणि पडदा तसाच राहतो. मग कुणी म्हणते सीडी खराब, कुणी म्हणते मशीन गेले, आणि दोन्ही वस्तूंची रवानगी कचऱ्यात होते.

आमचे म्हणणे इतकेच, की फेकण्यापूर्वी अर्धा तास द्यावा. वर्गात मुलाचे गणित चुकले, तर शिक्षक उत्तरावर फुली मारून थांबत नाही. कोणत्या पायरीवर चूक झाली ते शोधतो. घरी लिहिलेली सीडी जुन्या मशीनवर चालत नाही, तेव्हाही नेमके हेच करायचे असते. प्रश्न एकच विचारावा: मशीनला सीडी दिसतच नाही, की दिसते पण मान्य होत नाही? या दोन दुखण्यांची औषधे निराळी आहेत.

दोन मशीन, दोन कुलपे

ब्रिटिश घरांत सीडीवर चालणारी जी मशीन घरोघर पोहोचली, त्यांपैकी दोन विशेष. सोनीचे प्लेस्टेशन २९ सप्टेंबर १९९५ रोजी युरोपात आले. सेगाचे ड्रीमकास्ट १४ ऑक्टोबर १९९९ रोजी आले, किंमत १९९ पौंड ९९ पेन्स. फुटबॉलच्या शौकिनांना ते नाव वेगळ्या कारणाने आठवेल: १९९९ पासून तीन हंगाम आर्सेनलच्या लाल जर्सीवर छातीशी ‘ड्रीमकास्ट’ असे लिहिलेले असे. मशीन मात्र फार टिकले नाही. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले.

प्लेस्टेशनचे कुलूप असे आहे. कारखान्यात छापलेल्या मूळ सीडीच्या आतल्या कडेला, जिथून वाचन सुरू होते तिथे, खोबणीला मुद्दाम एक बारीक थरथर दिलेली असते. त्या थरथरीत चार अक्षरांची खूण दडलेली असते. युरोपच्या सीडीवर ‘एससीईई’, अमेरिकेच्या व जपानच्या सीडीवर निराळी. घरातला सीडी लिहिणारा ड्राइव्ह माहिती लिहू शकतो, पण ही थरथर उमटवू शकत नाही. म्हणून साध्या प्लेस्टेशनवर घरी लिहिलेली सीडी चालली नाही, तर तो बिघाड नव्हे. कुलूप आपले काम चोख करीत आहे. तिथे भिंग पुसून काही होणार नाही.

ड्रीमकास्टची गोष्ट निराळी. त्याचे मूळ खेळ जीडी-रॉम नावाच्या खास तबकडीवर येत. तिच्यात जवळजवळ १ गिगाबाइट माहिती मावे. घरच्या कोऱ्या सीडीवर ७०० मेगाबाइट मावते, आणि जीडी-रॉम लिहिणारा ड्राइव्ह बाजारात कधी मिळाला नाही. सेगाला वाटले, एवढे कुलूप पुरे. पण मागचे एक दार उघडे राहिले होते. जपानमध्ये गाण्यांच्या सीडीवर थोडी चित्रे आणि खेळ जोडण्यासाठी सेगाने ‘मिल-सीडी’ नावाचा प्रकार काढला होता, आणि ती साधी सीडी मशीन आपण होऊन सुरू करीत असे. २००० साली चोरटी नक्कल करणाऱ्यांना हे दार सापडले. सेगाने पुढच्या मशीनांत ते बंद केले, पण तोपर्यंत लाखो मशीन विकली गेली होती. आज त्याच दाराने दुसरी माणसे ये-जा करतात: स्वतःचे खेळ स्वतः तयार करणारे हौशी लोक. त्यांचे खेळ ते स्वतःच सीडीवर लिहून चालवायला देतात. पुढचे सगळे विवेचन त्या रास्त उपयोगासाठी आहे.

पडदा काय सांगतो ते आधी पाहावे

डॉक्टर नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. तसे सीडी आत ठेवून पडद्याकडे नीट पाहावे.

पहिली अवस्था: सीडी फिरते, भिंग पुढे-मागे सरकल्याचा आवाज येतो, आणि मशीन तबकडीच नाही असे समजून मुख्य यादीत बसून राहते. म्हणजे मशीनला सीडी दिसतच नाही. दोष सीडीच्या जातीत, लिखाणात किंवा भिंगात.

दुसरी अवस्था: गाणी वाजवण्याचा पडदा उघडतो. म्हणजे भिंग शाबूत आहे, सीडीही दिसली, पण मशीन तिला गाण्याची सीडी समजले. अशा सीडीवर दोन सत्रे असतात. पहिल्यात गाण्याचा छोटा भाग, दुसऱ्यात खेळ. दुसरे सत्र लिहिलेच गेले नसेल, किंवा मशीनचे ते मागचे दार बंद असेल. यासाठी मशीन उलटे करून तळाची चिठ्ठी पाहावी. तिथे छोट्या वर्तुळात ०, १ किंवा २ असा आकडा असतो. ० आणि १ ही मशीन घरी लिहिलेली सीडी घेतात. २ आकड्याची पुष्कळशी घेत नाहीत.

तिसरी अवस्था: सेगाच्या नावाचा पडदा येतो आणि पुढे अंधार. म्हणजे मशीनने सीडी स्वीकारली, पण आतला कार्यक्रम त्याला समजला नाही. मिल-सीडीवरचा मुख्य कार्यक्रम ठरावीक रीतीने उलटसुलट करून ठेवलेला असावा लागतो. मशीन तो सुलट करून वाचते. आधीच सुलट असलेला कार्यक्रम लिहिला, तर मशीन त्याची खिचडी करते. ही दुरुस्ती कापसाच्या बोळ्याने होत नाही. खेळाची फाइल नव्याने तयार करावी लागते.

चौथी अवस्था: खेळ सुरू होतो आणि मध्येच थिजतो, किंवा मशीन आपोआप पहिल्यापासून सुरू होते. इथे सीडीचा दर्जा, थकलेले लेझर किंवा विजेची जोडणी, यांपैकी एकावर संशय घ्यावा. ड्रीमकास्टच्या वीजपुरवठ्याच्या पट्टीवरचे खिळे काळे पडले, की जोडणी तुटक होते आणि मशीन परत परत पहिल्या पडद्यावर येते. लोक सीडीला दोष देतात, आणि ती बिचारी निर्दोष असते.

एका गोष्टीने मात्र घाबरू नये. मशीन दर वेळी तारीख-वेळ विचारत असेल, तर आतली घड्याळाची बॅटरी संपली एवढाच त्याचा अर्थ. खेळ न चालण्याशी तिचा संबंध नाही.

या सगळ्यांच्या आधी एक सोपी परीक्षा करावी. दुकानातून घेतलेली मूळ तबकडी लावून पाहावी. ती चालली तर मशीन बहुधा ठीक आहे, शोध सीडीचा घ्यावा. ती पण अडली तर सीडीची चौकशी थांबवून मशीनकडे वळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सीडीही नवी, वायरही नवी, भिंगही पुसलेले, आणि मग खेळ चालला, तर कशाने चालला हे कधीच कळत नाही.

कोरी सीडी आणि छापील सीडी

छापील सीडीत प्लॅस्टिकवर खरेच खळगे उठवलेले असतात आणि त्यांवर अॅल्युमिनियमचा मुलामा असतो. खळग्यांची ती वाट आतून बाहेर गुंडाळत जाते. तिचे दोन फेरे एकमेकांपासून १.६ मायक्रोमीटरवर, म्हणजे मिलिमीटरच्या सहाशेव्या हिश्श्याएवढ्या अंतरावर असतात, आणि ती वाट उलगडली तर ५ किलोमीटरहून लांब भरेल. कोऱ्या सीडी-आरमध्ये खळगे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो. लिहिताना लेझर तो थर जागोजागी तापवते, आणि त्या डागांनाच वाचणारे भिंग खळगे समजते. जपानच्या ताइयो युदेन कंपनीने १९८८ साली ही सीडी-आर सिद्ध केली.

छापील सीडीवरून प्रकाश किमान ७० टक्के परत यावा असा दंडक आहे. सीडी-आरला ६५ टक्क्यांची सवलत आहे. पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूवरून मात्र केवळ १५ ते २५ टक्के येतो. जुन्या मशीनच्या लेझरला हा उजेड पुरत नाही. तेव्हा ‘वाया जायला नको’ म्हणून आरडब्ल्यू वापरण्याची काटकसर इथे उपयोगाची नाही. साधी, चांगल्या प्रतीची सीडी-आर घ्यावी.

आता लिहिण्याबद्दल. ड्रीमकास्टच्या हौशी खेळांची फाइल बहुधा ‘सीडीआय’ प्रकारची असते. ती म्हणजे साऱ्या सीडीचा साचा. अनेकजण ती फाइल उचलून सीडीवर नुसती ठेवतात. मग त्या सीडीवर खेळ नसतो, खेळाचा साचा एका पुडक्यात बांधून ठेवलेला असतो. मशीन पुडके उघडत नाही. ‘डिस्कजगलर’सारख्या, किंवा ब्रिटिश हौशी तंत्रज्ञाने फुकट दिलेल्या ‘इमग्‌बर्न’सारख्या कार्यक्रमाने साचा उलगडून लिहावा. इमग्‌बर्नला या प्रकारासाठी एक पूरक फाइल जोडावी लागते. ‘जीडीआय’ प्रकारची फाइल मात्र मूळ जीडी-रॉमचा साचा असते. ती सीडीवर मावतही नाही आणि तशी चालतही नाही.

वेगाबद्दल फार समजुती आहेत. अगदी मंद वेगाने लिहिलेले सर्वांत उत्तम, असे लोक सांगतात. आजच्या कोऱ्या सीडी वेगवान लेखनासाठी बनवलेल्या असतात. त्यांना फार मंद वेग मानवतोच असे नाही. ८ पट किंवा १६ पट असा मधला वेग धरावा, सीडी एकाच दमात लिहावी, शेवटी बंद करावी आणि लिहिलेले तपासून घ्यावे.

आणखी एक ब्रिटिश अडचण. इथला जुना टीव्ही पॅल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा चित्र देणारा. अमेरिका-जपानचा ६० वेळा देणारा. तिकडच्या पद्धतीचा खेळ सुरू तर होतो, पण जुन्या टीव्हीवर चित्र काळेपांढरे दिसते किंवा वर-खाली गडबडते. ही सीडीची खोट नव्हे. स्कार्ट खुंटीची चांगली आरजीबी वायर लावली, की पुष्कळदा रंग परत येतात.

एका घरातली गोष्ट

आमची थोरली बहीण लंडनजवळ क्रॉयडनला असते. तिच्या मुलाने कॉलेजात असताना, २००४ साली, ड्रीमकास्टसाठी एक छोटा खेळ केला होता. उसाने भरलेली बैलगाडी चढणीच्या रस्त्याने कारखान्यापर्यंत न्यायची, एवढाच खेळ. गाडी कलंडली, की आमची आई म्हणायची, “सावकाश रे बाळा.” तिचा तो आवाज त्याने सुट्टीत मॉरिशसला आल्यावर टेपवर घेतला होता. आई २००९ साली गेली. घरात तिचे फोटो पुष्कळ आहेत. आवाज तेवढाच.

ज्या संगणकावर तो खेळ केला तो केव्हाच भंगारात गेला. उरल्या तीन सीडी. भाच्याने जुन्या बाजारातून एक ड्रीमकास्ट आणले, सीडी लावली, आणि आम्हांला म्हणाला, “मामा, सीडी फिरते, पण गाडी निघत नाही.”

अशा वेळी पहिला नियम मशीनचा नाही, सीडीचा आहे: जिची दुसरी प्रत नाही, ती सीडी मशीनमध्ये पुन्हा पुन्हा घालून पाहू नये. आधी संगणकात लावून तिची, सगळ्या सत्रांसह, जशीच्या तशी नक्कल उतरून घ्यावी. भाच्याने तेच केले. पहिल्या सीडीवर चिकटपट्टीचे लेबल लावलेले होते. ते वर्षांनुवर्षांत आवळून त्याच्याखालचा थर सुटला होता. ती गेली. दुसरी खिडकीतल्या कप्प्यात उन्हात राहिली होती. रंगद्रव्य उतरून गेले होते. तीही गेली. तिसरी कागदी पाकिटात, अंधारात होती. एका ड्राइव्हने ती अर्ध्यावर सोडली. दुसऱ्या ड्राइव्हने, संथ गतीने, पूर्ण वाचली.

नव्या सीडीवर ती लिहिली, आणि मशीनने गाण्यांचा पडदा उघडला. मूळ फुटबॉलचा खेळ त्याच मशीनवर उत्तम चालत होता. भिंग ठीक, नवी सीडी तपासलेली. उरले मशीनचे दार. उलटे करून पाहिले तर वर्तुळात २. भाच्याने मित्राकडून १ आकड्याचे मशीन आणले. तीच सीडी, तीच वायर. गाडी निघाली, पहिल्या वळणावर कलंडली, आणि बहीण स्वयंपाकघरातून हात पुशीत बाहेर आली.

हात लावण्यापूर्वी

भिंग साफ करायचे तर मशीनची वायर भिंतीतून काढावी. ९० टक्क्यांवरचे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला किंचित लावून, दाब न देता फिरवावे आणि पूर्ण सुकू द्यावे. अत्तर, थुंकी, टूथपेस्ट यांचा प्रयोग करू नये. सीडी पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवू नये. कारण असे: सीडीवरची माहिती चुका दुरुस्त करण्याच्या तरतुदीसह लिहिलेली असते आणि वाटेतला सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा गेला तरी ती भरून काढता येते. आडवा ओरखडा वाटेला एका ठिकाणी छेदून जातो. वाटेच्या बरोबरीने गेलेला ओरखडा लांबलचक तुकडा खातो.

आणि नाव लिहिलेली बाजू जास्त जपावी. खालच्या बाजूला १.२ मिलिमीटर प्लॅस्टिकचे कवच आहे. माहितीचा थर नावाच्या बाजूला, पातळ रोगणाखालीच असतो. बॉलपेनची टोकदार रेघ थेट त्यावर उमटते.

मशीन उघडणे हे पोरांचे काम नव्हे. ड्रीमकास्टचा वीजपुरवठा आतच आहे आणि ब्रिटनमधली घरची वीज २३० व्होल्टची आहे. वायर काढल्यावरही त्यातल्या काही भागांत वीज साठून राहते. लेझरचा जोर वाढवणारा छोटा स्क्रू फिरवावा, असाही सल्ला मिळतो. त्याने थकलेले लेझर काही दिवस धावते, पण आयुष्य उणे होते. तो उपाय अगदी शेवटचा.

कायदा काय म्हणतो

हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही, कारण मुले हा प्रश्न विचारतात. मशीन बंद झाले म्हणून खेळावरचा हक्क बंद होत नाही. ब्रिटनचा स्वामित्वहक्काचा कायदा १९८८ चा आहे. ज्याच्याकडे कार्यक्रम रास्त मार्गाने आला आहे, त्याला वापरासाठी आवश्यक असेल तर राखीव प्रत करण्याची मुभा तो देतो. पण कुलूप फोडण्याची साधने विकणे वेगळे. २००४ साली ‘सोनी विरुद्ध बॉल’ या खटल्यात इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने प्लेस्टेशन २ मध्ये बसवायच्या ‘मेसाया २’ चिपच्या विक्रेत्याविरुद्ध निकाल दिला. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने गाणी, चित्रपट यांची स्वतःसाठी नक्कल करण्याची मोकळीक दिली, संगणकाचे कार्यक्रम त्यातून वगळले, आणि जुलै २०१५ मध्ये न्यायालयाने ती मोकळीकही रद्द केली. दुसऱ्याच्या कष्टाचा खेळ फुकट उतरवून घेतलेली सीडी चालत नसेल, तर ती दुरुस्त करण्याची विद्या आम्ही शिकवू इच्छीत नाही. १ गिगाबाइटचा खेळ ७०० मेगाबाइटमध्ये कोंबण्यासाठी गाणी-चित्रे छाटलेल्या त्या नकला असतात. त्यांची अर्धी दुखणी जन्मापासूनची.

नऊशे वर्षांचे कातडे आणि सोळा वर्षांची तबकडी

ब्रिटनला हा धडा मोठ्या प्रमाणावर मिळालेला आहे. १०८६ साली विल्यम राजाने देशाची नोंदवही करवली, ती ‘डूम्सडे बुक’. तिच्या नऊशेव्या वर्षानिमित्त, १९८६ साली, बीबीसीने नवी नोंद तयार केली. हजारो शाळांतल्या मुलांनी आपापल्या गावाची माहिती आणि छायाचित्रे गोळा केली. दहा लाखांहून अधिक लोकांचा हात लागला. सगळे दोन मोठ्या लेझर तबकड्यांत भरले गेले. पण ते वाचणारे यंत्र इतके महाग होते, की मोजक्याच ठिकाणी पोहोचले, आणि पाहता पाहता दुर्मिळ झाले. २००२ साली लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या यंत्राचे सोंग आधुनिक संगणकाकडून वठवून त्या तबकड्या पुन्हा बोलत्या केल्या. २०११ मध्ये मुलांनी लिहिलेला भाग बीबीसीने सर्वांना खुला केला. कातड्यावर शाईने लिहिलेली मूळ वही मात्र क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, आणि ती वाचायला विजेची गरज लागत नाही.

शेफील्डचे राष्ट्रीय व्हिडिओ गेम संग्रहालय आणि केंब्रिजचे संगणक इतिहास केंद्र आज जुन्या मशीनांची निगा राखतात. पण आपल्या घरातली सीडी ते राखणार नाहीत. ती आपणच राखायची. माळ्यावरचे खोके खाली काढावे, चिकट लेबले आणि उन्हात राहिलेल्या सीडी आधी हातात घ्याव्या, प्रत्येकीची नक्कल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि प्रत्येकीवर काय आहे ते वहीत लिहावे. मशीन मागाहून दुरुस्त करता येते, उसने आणता येते. रंगद्रव्य एकदा उतरले, की ते पुन्हा चढत नाही.